क्राकूफमध्ये बिल कोण भरतं?

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे क्राकूफला आले की पहिल्याच संध्याकाळी फर्माईश येते, "एखाद्या जुन्या, ऐतिहासिक ठिकाणी जेवू या." गावात अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. किती जुनी हे मात्र प्रत्येकाने आपापलं ठरवलंय. मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे पाटीवरचं साल आणि आतल्या भांड्याचं वय यांत फरक असू शकतो हे मला नवं नाही. इतकी वर्षं इथे राहून, शाकाहारी पोट सांभाळत हिंडून, मी एक सवय लावून घेतली आहे. हॉटेल किती जुनं ते विचारायचंच नाही, तिथे बिल कोण भरत आलंय ते विचारायचं. या गावात बाहेर जेवण्याचा इतिहास त्या प्रश्नातून जितका उलगडतो तितका मेनूकार्डातून उलगडत नाही.

सुरुवात सगळ्यांच्या लाडक्या गोष्टीपासून करू. रिनेक ग्वूव्नी हा गावाचा मोठा चौक. त्याच्या एका कोपऱ्यावर व्येझिनेक नावाचं रेस्टॉरंट आहे, आणि त्याच्या नावाशी 1364 हे साल घट्ट जोडलेलं आहे. त्या वर्षी राजा तिसरा काझीमिएश याने क्राकूफमध्ये राजांची मोठी परिषद भरवली. पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स, हंगेरीचा राजा लुई, सायप्रसचा राजा पीटर अशी मंडळी जमली होती. पीटरला तुर्कांविरुद्ध नवी मोहीम काढायची होती, त्यासाठी तो युरोपभर मदत मागत फिरत होता. या सगळ्या मुकुटधाऱ्यांना मिकोवाय व्येझिनेक या शहराच्या नगरपित्याने मेजवानी दिली, असं यान द्वूगोश हा इतिहासकार सांगतो. द्वूगोश हे लिहितो ते शंभरेक वर्षांनी, तेव्हा ताटं मोजायला तो तिथे नव्हता. पण मला त्या गोष्टीत आवडतं ते हे, की राजे जेवले आणि खर्च व्यापाऱ्याने केला. पैसा कुठून आला हेही कळण्यासारखं आहे. क्राकूफ व्यापारी रस्त्यांच्या नाक्यावरचं गाव, आणि जवळच व्येलिच्का इथे मिठाच्या खाणी. काझीमिएशच्या काळात राज्याच्या तिजोरीतला सुमारे तिसरा हिस्सा मिठातून येत असे.

आता पाटीवरचं साल. सध्याचं रेस्टॉरंट सुरू झालं 1945 मध्ये, लढाई संपता संपता. पुढे ते सरकारने ताब्यात घेतलं आणि परदेशी पाहुण्यांना मिरवून दाखवायची जागा केली. म्हणजे पुन्हा तेच, जेवणारे राष्ट्रप्रमुख आणि बिल भरणारी जनता. पाहुण्यांना मी इमारत बाहेरून दाखवते, गोष्ट सांगते, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून ओब्वाझानेक घेऊन देते.

हा ओब्वाझानेक म्हणजे पावाचं कडं. कणकेच्या दोन-तीन वळ्या एकमेकींभोवती पीळ देऊन वळायच्या, टोकं जोडून कडं करायचं, ते क्षणभर उकळत्या पाण्यातून काढायचं आणि मग भट्टीत घालायचं. वरून जाड मीठ, खसखस किंवा तीळ. बाहेरून चकचकीत आणि कडक, आत मऊ. सकाळी घेतला तर स्वर्ग, संध्याकाळी घेतला तर दातांची परीक्षा. त्याचा सर्वांत जुना उल्लेख सापडतो तो 1394 सालच्या राजदरबाराच्या हिशेबात. राणी याद्विगासाठी ही कडी आणली, त्याचा खर्च तिथे मांडलाय. म्हणजे ज्ञात इतिहासातला पहिला ओब्वाझानेकसुद्धा खाणारीने स्वतःच्या हाताने पैसे मोजून घेतलेला नाही. 1496 मध्ये राजा यान ओल्ब्राख्त याने पांढरा पाव आणि ओब्वाझानेक भाजायचा हक्क फक्त क्राकूफच्या भटारांना दिला, गावाबाहेरच्यांना मज्जाव. 2010 मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिलं तेव्हा ती जुनी मक्तेदारी नव्या कागदावर परत आली म्हणा ना. आता ते नाव लावायचं तर क्राकूफ आणि आसपासच्या ठराविक भागातच भाजलं पाहिजे.

याद्विगाच्या काळापासून पाचेकशे वर्षं ओलांडून पुढे जाते, कारण मधल्या काळात सामान्य माणूस घरीच जेवत होता किंवा उपाशी होता. एकोणिसाव्या शतकात क्राकूफ ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, गालिसिया प्रांतात गेलं. पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. गालिसियाची गरिबी तेव्हा कुप्रसिद्ध होती. पण व्हिएन्नाकडून कॉफीहाउसची चटक लागली ती लागलीच. फ्लोरियान्स्का रस्त्यावर 1895 मध्ये यान मिखालिक नावाच्या हलवायाने केक-पेस्ट्रीचं दुकान काढलं. आतल्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून लोक त्याला यामा, म्हणजे गुहा, म्हणू लागले. जवळच कला अकादमी. चित्रकार पोरं तासन्‌तास बसत, कॉफी पीत, आणि खिशात दमडी नसली की भिंतीवर चित्र काढून देत. मिखालिकने ती चालवून घेतली. त्याला चित्रकलेची जाण होती की उधारी वसूल होणार नाही याची खात्री होती, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरं पटतं. 1905 मध्ये याच खोलीत ‘झेलोनी बालोनिक’, म्हणजे हिरवा फुगा, नावाचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. तादेऊश बॉय-झेलेन्स्की हा पेशाने डॉक्टर, पण त्याने त्यासाठी गावातल्या प्रतिष्ठितांची यथेच्छ टिंगल करणारी गाणी लिहिली. प्रवेश फक्त आमंत्रितांना. ज्यांची टिंगल व्हायची त्यांनाही आमंत्रण हवं असायचं. त्यांच्या बाहुलीनाट्यातल्या बाहुल्या, व्यंगचित्रं, रंगीत काचा अजून तिथे आहेत. अंधार तसाच आहे. कॉफीचे पैसे आता रोख द्यावे लागतात. मला विचाराल तर कॉफीसाठी जाऊ नये, भिंतींसाठी जावं.

पण मी ज्यासाठी लेखणी उचलली ते ठिकाण वेगळंच आहे. त्याला इथे बार म्लेच्नी म्हणतात, दूधदुभत्याच्या पदार्थांची खाणावळ. दारूचा थेंब मिळत नाही. पहिली निघाली वॉर्सात, 1896 मध्ये. स्तानिस्वाव द्वुझेव्स्की या जमीनदाराच्या पदरी गाई होत्या, दूध होतं, म्हणून त्याने नोवी श्व्यात रस्त्यावर दूध, अंडी, पीठ यांचे स्वस्त पदार्थ विकायला सुरुवात केली. कल्पना चालली. दोन महायुद्धांच्या मधल्या मंदीत अशा जागा वाढल्या. मग कम्युनिस्ट आले, खासगी हॉटेलं बंद पडली किंवा सरकारजमा झाली, आणि बार म्लेच्नी हे राज्याचं धोरण बनलं. ज्या कामगाराच्या कारखान्यात, कचेरीत भोजनगृह नाही, त्याला गरम जेवण इथे. मांसाची टंचाई तर पाचवीला पुजलेली, 1981 ते 1989 मांसाला रेशनकार्ड होतं. त्यामुळे पीठ, बटाटा, कोबी, अंडी, दही-पनीर यांवरच सगळी मदार. एका अख्ख्या देशाने नाइलाजाने शाकाहारी खाणावळी काढल्या आणि त्याचा लाभ आज माझ्यासारखीला मिळतो आहे.

त्या काळाची थट्टा स्तानिस्वाव बारेया या दिग्दर्शकाने ‘मिश’ या 1981 च्या चित्रपटात केली आहे. त्यात खाणावळीतल्या वाट्या टेबलाला स्क्रूने जखडलेल्या आणि चमचे साखळीने बांधलेले दाखवलेत, चोरीला जाऊ नयेत म्हणून. एका साखळीला दोन चमचे, त्यामुळे समोरासमोर बसलेल्या दोघांची ओढाताण. पोलिश माणसाला बार म्लेच्नीबद्दल विचारा, तो आधी हा प्रसंग सांगेल, मग आजीची आठवण काढेल.

ग्रोत्स्का रस्त्यावर ‘पोद तेमिदों’ आहे, न्यायदेवतेच्या नावाची. पलीकडेच विद्यापीठाच्या कायदा विभागाची जुनी इमारत. जायची रीत अशी. भिंतीवर पदार्थांची यादी. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती खिडकीत सरकवायची. आतून बाई तुमच्या पदार्थाचं नाव ओरडते. तुम्ही तिथे नसाल तर ती दुसऱ्यांदा ओरडते, आणि तो सूर वेगळा असतो. पोलिश येत नसलेल्या माझ्या पाहुण्यांनासुद्धा तो बरोबर कळतो. जेवून झालं की ताट उचलून आपणच खिडकीत ठेवायचं. रांगेत वकिलीचा विद्यार्थी, पेन्शनर आजोबा, सरकारी मदतीवर जगणारा माणूस, आणि हल्ली फोटो काढणारे जपानी तरुण.

मी घेते प्येरोगी रुस्क्ये. मोदकासारखी पारी, फक्त मैद्याची. आत उकडलेला बटाटा आणि त्वारुग, म्हणजे फाडलेल्या दुधाचा चोथा, आपल्या पनीरहून आंबट आणि भुसभुशीत. अर्धचंद्राच्या आकारात मुडपून पाण्यात उकळायच्या, वर तुपकट परतलेला कांदा. घेताना विचारावं लागतं, नाहीतर कांद्याबरोबर डुकराच्या चरबीचे तुकडे येतात. हा पदार्थ मूळचा देशाच्या जुन्या पूर्व भागातला, जो लढाईनंतर सोव्हिएत संघात गेला. तिथून उठवलेली माणसं पश्चिमेकडे येऊन वसली आणि त्यांच्याबरोबर ही प्येरोगी देशभर पोहोचली. कोल्हापूरकरांनी इथे थोडं थांबावं. 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिलेले सुमारे 5000 पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, याच पूर्व भागातले. सोव्हिएतांनी त्यांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ते पंचगंगेकाठी आले. क्राकूफमध्ये मी कोल्हापूरची म्हटलं की कधीतरी कुणी म्हातारं माणूस ताठ बसतं आणि म्हणतं, "वालिवादे!"

तर बिलाचा मुद्दा. 1989 नंतर कम्युनिस्ट गेले, बाजार आला, आणि या खाणावळी पटापट बंद पडल्या. ज्या राहिल्या त्या सरकारी अनुदानावर. अनुदान जेवणाऱ्याला मिळत नाही, खाणावळीला मिळतं, आणि तेही फक्त मांस नसलेल्या पदार्थांच्या कच्च्या मालावर. कुठला माल चालेल याची अर्थखात्याची यादी असते. 2015 च्या सुरुवातीला या यादीवरून मोठा गोंधळ झाला. मसाल्याचे बहुतेक जिन्नस यादीत नव्हते, आणि यादीबाहेरचा जिन्नस पडला की त्या पदार्थाचं अनुदान गेलं. सूप करा, पण चव आणू नका! वर्तमानपत्रांनी झोडपलं, लोक हसले, रागावले, आणि खात्याला नियम बदलावा लागला. आपल्याकडे 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली तेव्हा तिच्या नावाखाली मोक्याच्या जागा कुणी बळकावल्या यावर भांडणं झाली. झुणक्यात मोहरी घालावी की नाही हे मंत्रालयाने ठरवल्याचं मात्र मला आठवत नाही. पण ती केंद्रं गेली, आणि बार म्लेच्नी टिकला. मला वाटतं फरक रांगेत आहे. झुणका-भाकर केंद्रात गरीबच जायचा. इथे प्राध्यापकही जातो, त्यामुळे अनुदानाला हात लावला की ओरडणारे लिहिता येणारे असतात.

वेळ असेल तर ट्राम पकडून नोवा हुताला जावं. 1949 पासून, स्टालिनच्या काळात, पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेलं ते कामगारांचं नगर आहे. तिथल्या ‘चेन्त्राल्नी’ या बार म्लेच्नीत पर्यटक कमी आणि प्येरोगी मोठी.

रात्री भूक लागली की काझीमिएश. त्याच राजाने 1335 मध्ये वसवलेलं हे वेगळं शहर होतं, पुढे क्राकूफच्या ज्यूंची मुख्य वस्ती झालं. तिथल्या प्लात्स नोवी या चौकाच्या मध्यभागी 1900 साली बांधलेली गोल मंडई आहे. 1927 पासून ती ज्यू पंचायतीकडे भाड्याने होती, तिथे त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे कोंबड्या कापल्या जात. युद्धापूर्वी क्राकूफमध्ये 60 हजारांहून अधिक ज्यू होते. नाझींनी 1941 मध्ये त्यांना नदीपलीकडच्या घेट्टोत कोंबलं आणि 1943 च्या मार्चमध्ये तो घेट्टो संपवला. गोल मंडई राहिली, गिऱ्हाईक राहिलं नाही.

आज त्या मंडईच्या खिडक्याखिडक्यांतून झाप्येकांका मिळते. अर्धा लांब पाव उभा चिरलेला, वर परतलेली मश्रूम आणि चीज, भट्टीतून काढून केचपची लांब नागमोडी रेघ. 1970 च्या दशकात, मांस मिळेना तेव्हा हा पदार्थ लोकप्रिय झाला, आणि छोट्या खासगी टपऱ्यांनी तो तगवला. आता त्यावर वाटेल ते घालतात, त्यात डुकराचं हॅमही. ज्या खिडकीत कधी धर्मशास्त्राप्रमाणे कोंबडी कापून मिळायची तिथे हे मागताना कुणाच्या घशात काही अडकत असेल असं रांग पाहून वाटत नाही. मला अडकतं. शेजारच्या रस्त्यांवर मेणबत्त्या आणि व्हायोलिन लावून ‘ज्यू जेवण’ देणारी रेस्टॉरंटं आहेत, त्यांत बहुधा स्वयंपाकीही ज्यू नसतो आणि जेवणारेही. तिथे मी पाहुण्यांना नेत नाही. मंडईपाशी मात्र नेते, ती कशाची इमारत आहे ते आधी सांगते, आणि मग साधी मश्रूमवाली झाप्येकांका घेतो. तिथे उधारी नाही, अनुदान नाही, राजा नाही. ज्याचे त्याने पैसे द्यायचे, आणि केचप सांडू नये म्हणून उभ्यानेच पुढे वाकून खायचं.