विणकर या नावाबाहेरचा कारागीर : यंत्रविणाईतील कौशल्याचा ऐतिहासिक विचार

मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मागावरच्या कापडालाही लागते आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. ‘विणकर’ ही संज्ञा मात्र मागावर काम करणाऱ्यासाठीच रूढ झाली. यंत्रावर स्वेटर विणणाऱ्या कारागिराला तसे स्वतंत्र नाव लाभले नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची नोंदही सहसा राहत नाही. प्रस्तुत लेखात या अनुल्लेखाचा विचार केला आहे.

ठाण्याच्या औद्योगिक इतिहासात लोकरीला मानाचे स्थान आहे. १९२५ साली येथे स्थापन झालेली आणि १९४४ मध्ये सिंघानिया समूहाकडे आलेली रेमंडची गिरणी सर्वपरिचित आहे. परंतु तो इतिहास प्रामुख्याने मागाचा होय. मागावर उभे व आडवे धागे एकमेकांत गुंततात. स्वेटरच्या विणाईत एकच धागा फाशातून फासा काढीत पुढे सरकतो. हे काम करणारी पहिली चौकट विल्यम ली याने इंग्लंडमध्ये १५८९ साली तयार केली.

यंत्र आले म्हणजे हस्तकौशल्य संपले, हा समज येथे टिकत नाही. हातयंत्रावरून उतरलेला तुकडा ताणलेला असतो; विसावल्यावर व धुतल्यावर त्याचे माप बदलते. हा फरक कारागिराला विणण्यापूर्वीच हिशेबात धरावा लागतो. बाहीचा उतार देताना कडेचे फासे आतील सुयांवर सरकवावे लागतात. गळपट्टी जोडताना प्रत्येक फासा जोडयंत्राच्या तबकडीवरील टोकावर नजरेने चढवावा लागतो. एक निसटला तरी वीण उसवत जाते. १९९५ मध्ये जपानच्या शिमा सेइकी कंपनीने बिनजोड संपूर्ण वस्त्र विणणारे यंत्र सादर केले. त्याने जोडणीचे काम वाचवले. फाशांचा हिशेब मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याकडे गेला.

मानपाडा हे नाव ठाण्यात घोडबंदर मार्गावर आढळते, तसेच डोंबिवलीतही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर या दोन्ही शहरांत कारखानदारी विस्तारली. ठाण्यात त्यांपैकी अनेक जागांवर आता गृहसंकुले उभी आहेत. इमारतींचे नकाशे आणि कंपन्यांचे अहवाल दप्तरात सापडू शकतील; बोटांतील हिशेब मात्र माणसाबरोबरच जातो. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अशा कारागिरांच्या मौखिक साक्षी नोंदवणे अगत्याचे आहे. त्यांना इतिहासात स्थान देण्याचा आरंभ त्यांच्या कामाला नाव देण्यापासूनच करावा लागेल.