अंडं खाल्लं कुणी?

गेल्या शनिवारी बारामतीला ताईकडे गेलो होतो. भावजी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, ताई स्वयंपाकघरात आणि आमची नववीतली भाची वहीत रेघा मारत बसलेली. वही बघितली तर चक्क कोंबड्या! तारीख, पक्षी किती, खाद्य किती, सरासरी वजन, मरतूक.

"मामा, एफसीआर म्हणजे काय, सांग बरं?"

दिवसभर दुसऱ्यांसाठी डॅशबोर्ड बनवणारा मी गप्प. मग तिनेच सांगितलं. ब्रॉयलरचं वजन एक किलो वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो आकडा. दोनच्या वर गेला की कुठेतरी गडबड आहे. शाळेत आयबीटी, म्हणजे 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय आहे, त्यातलं हे. शेडच्या एका कोपऱ्यात अंड्यांच्या कोंबड्याही आहेत म्हणे.

"मग अंडी तुम्ही खाता?"

"छे! विकतो. हिशोब लिहावा लागतो."

हे उत्तर मला ओळखीचं वाटलं. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजीच्या दहा-बारा गावरान कोंबड्या होत्या. अंडी साठवायची, बाजारच्या दिवशी विकायची आणि त्या पैशातून चहा, साखर आणि आम्हा नातवंडांसाठी बिस्किटचा पुडा. म्हणजे अंडं देऊन मैदा आणायचा! घरात अंडं शिजायचं ते पाहुणा आला तर, नाहीतर बाळंतिणीसाठी. हीच आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मुलांच्या पोटात काय गेलं पाहिजे हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण रोख पैसा घरात येण्याचा तिचा मार्ग तोच होता.

असो. रविवारी या विषयामागे लागलो, तर कळलं की सरकारलाही हे कोडं जुनंच आहे. १९६०च्या सुमारास ओरिसात 'उपयोजित पोषण कार्यक्रम' सुरू झाला आणि १९६३पासून तो इतर राज्यांत नेला. युनिसेफ, एफएओ आणि डब्ल्यूएचओ पाठीशी. कल्पना फार सुंदर होती. शाळेत परसबाग, गावात कोंबड्या, तळ्यात मासे. पिकवायला शिका आणि त्यातलं पोरांना, गरोदर बायांना खाऊ घाला. पण पिकवणं आणि खाणं यांच्या मधोमध बाजार असतो. शेड बांधलं, पक्षी आणले, हे कागदावर दाखवता येतं. अंडं कुणाच्या ताटात गेलं, हे कोण मोजणार?

मोठ्या शेतकऱ्यांना शिकवायची सोय बारामतीत चांगली झाली. आप्पासाहेब पवारांचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१चा, त्यांचं कृषी विज्ञान केंद्र १९९२चं. शाळेतल्या पोरांचं काम मात्र आमच्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला एका भलत्याच माणसाने केलं.

डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएचडी, मग म्हैसूरची सीएफटीआरआय, मग मुंबईत हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठी जागा. (आपल्या भाषेत, उत्तम पॅकेज!) पन्नाशी ओलांडल्यावर हे सगळं सोडून १९८३ साली पाबळसारख्या दुष्काळी गावात त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: मूल हाताने शिकतं. म्हणून वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असं सगळं प्रत्येकाने करायचं, मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी स्वयंपाकसुद्धा. १९८७मध्ये एसएससी बोर्डाने हा विषय मान्य केला. २००३ साली कलबाग गेले, विषय टिकला.

मला त्यातली एक गोष्ट भन्नाट वाटते. जी मुलं कोंबडीचं खाद्य तोलतात, तीच मुलं रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायलाही शिकतात. म्हणजे इनपुट आणि आउटपुट, दोन्ही एकाच वर्गात! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. (अंड्याने हिमोग्लोबिन वाढतं असं नाही बरं का, त्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही. अंडं प्रथिनांसाठी आणि बी-१२साठी.) कोंबडीचं वजन दर आठवड्याला आणि स्वतःचं वर्षातून एकदा, हा उलटा हिशोब त्या वर्गात निदान डोळ्यांना दिसतो.

विकण्यालाही माझा विरोध नाही. विकल्याशिवाय पुढच्या बॅचची पिल्लं येणार नाहीत, आणि मुलांना धंदा कळतो तोही त्यातूनच. पण सगळंच विकायचं? सरकारने २०२३च्या नोव्हेंबरात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं. आणि २०२५च्या जानेवारीत सांगितलं की अंड्यासाठी वेगळा निधी नाही, लोकवर्गणीतून बघा. ज्या शाळेच्या आवारातच कोंबड्या आहेत, तिथे वर्गणी गोळा करायची?

निघायच्या आधी भाचीला म्हटलं, "एक कॉलम वाढव. 'आपण खाल्ली'."

"फॉर्मॅटमध्ये नाहीये तो, मामा."

मग पट्टी घेऊन पेन्सिलने रेघ मारली. मागचे चार आठवडे मोजले आणि चार शून्यं लिहिली. सोमवारी सरांना विचारते म्हणाली.