दोन जागांपासून निम्म्या जागांपर्यंत



कोरेगाव भीमा म्हटले की आपल्याला १८१८ ची लढाई आणि नदीपलीकडे पेरण्याचा स्तंभ आठवतो. आज मात्र मी गावच्या दुसऱ्या एका झगड्याविषयी बोलणार आहे. तो चावडीवर चालला, आणि अजून संपलेला नाही. गावच्या कारभारात बाईला जागा कशी मिळाली, आणि जागेबरोबर अधिकार मिळाला की नाही, हा तो प्रश्न.

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. पंचायतीत सात ते पंधरा पंच असावेत आणि त्यांत दोन जागा स्त्रियांच्या असाव्यात, असे त्यात ठरले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. परंतु दहाबारा पुरुषांत दोन बायका बसल्या म्हणजे काय होते, हे आम्हां कामगार चळवळीतल्यांना चांगले ठाऊक आहे. मालकापुढे एकट्या कामगाराला नेऊन बसवा. तो मान डोलावून परत येतो. पुष्कळ गावांत सभेचे बुकच पंच बाईच्या घरी जाई, चुलीपुढे सही किंवा अंगठा होई, आणि सभा झाली असे मानले जाई.

म्हणून आपल्याच जिल्ह्यातले बारामती तालुक्यातील निंबुत गाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकात संपूर्ण पंचायतच स्त्रियांची झाली. पुढे १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले आणि त्या चळवळीतून स्त्रियांची पॅनेले उभी राहिली. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे पंचायत बायकांनी चालवली; तेथे पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनीही करून दिल्या. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर आहे तिचा आवाज सभेत वेगळा लागतो, हे सांगायला पंडित नको.

यानंतर कायद्याने वेग घेतला. महाराष्ट्राने १९९० साली तीस टक्के जागा राखल्या. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि सरपंचपदासह एक तृतीयांश वाटा देशभर बंधनकारक झाला. २०११ साली महाराष्ट्राने तो निम्म्यावर नेला.

आता शहरातला सुशिक्षित माणूस हसून विचारतो, "सरपंच बाई, पण कारभार नवऱ्याचाच ना?" कित्येक ठिकाणी तसे आहे, हे खरे. पण असे विचारणाऱ्याने हेही पाहावे की सभा कोणत्या वेळी भरते. शेतमजूर बाई दुपारच्या सभेला आली तर तिचा रोज बुडतो. रोज बुडवून लोकशाही चालवा, असे आपण कोणत्या पुरुषाला सांगतो?

ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात २००३ पासून आहे. माझ्या मते निम्म्या जागांइतकेच मोल या तरतुदीला आहे. युनियनमध्येही प्रतिनिधीचे बळ त्याच्या खुर्चीत नसते, मागे उभ्या असलेल्या सभासदांत असते. महिला सभा खरोखर भरली तर सरपंच बाईला नवऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, ती म्हणू शकते, "बायकांनी ठराव केला आहे, तो आधी वाचा."

तेव्हा आपल्यापैकी ज्यांची गावाशी नाळ आहे त्यांनी पुढच्या खेपेला गावी गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: महिला सभा कधी झाली, कामावरच्या बायकांना सोयीच्या वेळी झाली का, आणि तिचा ठराव ग्रामसभेत वाचला गेला का. खुर्ची कायद्याने दिली आहे. तिच्यामागे माणसे उभी करण्याचे काम मात्र आपले आहे.