न्यायासनावरील श्रद्धावंत : न्यायमूर्ति विल्यम गॅस्टन

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण ज्यांनीं प्रथम पाया घातला त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करितों. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील न्यू बर्न ह्या नगरीं असाच एक पाया एका वकिलाच्या घरीं घातला गेला. १८२१ सालीं बिशप जॉन इंग्लंड तेथें आले, तेव्हां चर्च नव्हतें. पवित्र मिस्सा विल्यम गॅस्टन ह्यांच्या घरीं झाली. पुढें १८४० च्या सुमारास तेथें संत पौलाचें चर्च उभें राहिलें, त्यांतही त्यांचा मोठा हातभार होता. ज्या संस्थानाची घटना काथोलिकांकडे संशयानें पाही, त्याच संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयांत हा पुरुष दहा वर्षें न्यायमूर्ति होता.

गॅस्टन ह्यांचा जन्म १९ सप्टेंबर १७७८ रोजीं झाला. मुलाला तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १७८१ सालीं, स्वातंत्र्ययुद्धाच्या धुमश्चक्रींत वडील डॉ. अलेक्झांडर गॅस्टन राजपक्षाच्या लोकांकडून मारले गेले. आई मार्गारेट ही इंग्लंडांत जन्मलेली काथोलिक. त्या विधवेनें मुलाला धर्माचें बाळकडू पाजिलें आणि १७९१ सालीं नूतन जॉर्जटाउन कॉलेजांत धाडिलें. त्या कॉलेजाचा पहिला विद्यार्थी तो हाच. १७९६ सालीं प्रिन्स्टन येथें पहिल्या क्रमांकानें पदवी घेऊन १७९८ मध्यें त्यांनीं वकिलीस आरंभ केला. १८१३ ते १८१७ पर्यंत ते काँग्रेसचे सभासद होते. जॉर्जटाउनला १८१५ सालीं पदवी देण्याची सनद मिळाली, ती त्यांच्याच खटपटीनें. विद्यार्थ्यानें विद्यामातेचें ऋण फेडिलें तें असें.

१८३३ सालीं त्यांस न्यायमूर्तिपद मिळालें. परंतु १७७६ च्या घटनेचें बत्तिसावें कलम असें होतें कीं, प्रॉटेस्टंट धर्माचें सत्य नाकारणारास अधिकारपद मिळूं नये. श्रद्धा लपवून पद घेणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें, आणि संदिग्ध कलमाला भिऊन सेवा नाकारणेंही त्यांस रुचलें नाहीं. कलमाच्या मोघम शब्दांनीं काथोलिकास बंदी होत नाहीं, असा विचारपूर्वक निर्णय करून त्यांनीं पद स्वीकारिलें.

न्यायासनावरील त्यांची कसोटी लवकरच लागली. १८२९ सालीं ह्याच न्यायालयानें धन्याचा गुलामावरील अधिकार अनिर्बंध ठरविला होता. १८३४ सालीं विल नांवाच्या गुलामाचा खटला आला. एका कुदळीवरून तंटा झाला. तिचा दांडा विलनें स्वतः बसविला होता; तो मोडून तो निघून गेला. पुढें तो पळत असतां मुकादमानें पाठीमागून गोळी घातली. जखमी विलला धरूं जातां झटापट झाली व तींत विलच्या चाकूनें मुकादम मेला. खालच्या न्यायालयानें हा खून ठरविला, म्हणजे फांशी. गॅस्टन ह्यांनीं निकाल दिला कीं, गुलाम झाला तरी तो माणूस आहे; प्राणभयानें व क्षोभानें घडलेलें तें कृत्य खून नव्हे, सदोष मनुष्यवध होय. विलचा प्राण वांचला. १८३८ सालीं मॅन्युएलच्या खटल्यांत त्यांनीं, तेथेंच जन्मलेला मुक्त गुलाम संस्थानाचा नागरिक आहे, असें ठरविलें. १८५७ सालीं ड्रेड स्कॉट खटल्यांत न्यायमूर्ति कर्टिस ह्यांनीं बहुमताविरुद्ध दिलेल्या निकालपत्रांत ह्याच निर्णयाचा आधार घेतला.

येथें सत्य झांकून ठेवणें योग्य नाहीं. १८३२ सालीं विश्वविद्यालयांतील तरुणांपुढें गुलामगिरीच्या निर्मूलनाचा उपदेश करणारे गॅस्टन स्वतः अनेक गुलामांचे धनी होते, व मरेपर्यंत राहिले. न्यायासनावर दिसलेला प्रकाश त्यांच्या स्वतःच्या मळ्यावर पूर्णपणें पडला नाहीं. थोरांचे चरित्र वाचतांना त्यांचें अपुरेपणही पाहावें, म्हणजे आपलें आपणांस कळतें.

१८३५ सालीं घटनादुरुस्तीची परिषद भरली. बत्तिसाव्या कलमावर गॅस्टन ह्यांनीं दीर्घ भाषण केलें. केवळ काथोलिकांपुरती सवलत मागितली असती तर काम सोपें होतें. पण त्यांनीं धर्माची अटच अजीबात काढा, असें मागितलें, कारण सद्सद्विवेकावर राजसत्तेचा अधिकार चालत नाहीं. परिषदेनें तितकें मानिलें नाहीं. ‘प्रॉटेस्टंट’ च्या ठिकाणीं ‘ख्रिस्ती’ शब्द घातला. काथोलिकांची वाट मोकळी झाली. यहुद्यांना मात्र १८६८ पर्यंत थांबावें लागलें. त्याच परिषदेनें मुक्त कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला. त्यासही गॅस्टन ह्यांनीं विरोध केला होता.

२३ जानेवारी १८४४ रोजीं न्यायालयांत काम चालू असतांच त्यांस अस्वास्थ्य वाटूं लागलें, व त्याच रात्रीं त्यांचें देहावसान झालें. गॅस्टन परगणा व गॅस्टोनिया शहर ह्यांवर त्यांचें नांव आहे.

वाचकहो, आपल्या पूर्वजांच्या घरांतून चर्च उभें राहिलें ह्याचा आपण अभिमान बाळगितों. तसाच एक चर्च ज्याच्या घरांतून उभा राहिला, त्यानें आपल्यापुरतें दार उघडून समाधान मानिलें नाहीं. मागून येणाऱ्या परक्यासाठींही तें उघडें राहावें म्हणून तो झटला. ज्युबिलीचें वर्ष मुळांत बंधमुक्तीचें वर्ष. आपल्याही दारापुढें कोण उभा आहे, हें ह्या वर्षीं पाहावें.