सरहद्दीपलीकडचे शिक्षक

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे कनेरगाव नाका आज एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांच्या सीमेवर असले, तरी १९४७ पूर्वी या टापूत अलीकडे निजामाची अमलदारी, हाली शिक्क्याचे नाणे व उर्दूतील दफ्तर आणि पलीकडे इंग्रजी अमलाखालचे वऱ्हाड, अशी दोन निराळी जगे शेजारी नांदत होती. अशा सरहद्दींवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई वाटसरूंची गाठोडी सोडवून माल पाहत. परंतु मान खाली घालून पुस्तकांची वळकटी बांधणारा एखादा तरुण शिक्षक काय घेऊन चालला आहे, हे कोणत्याही जकातीच्या वहीत नोंदले जाण्याजोगे नव्हते.

सरहद्द ओलांडून निजामाच्या राज्यात शिकविण्यासाठी आलेल्या अशा शिक्षकांत व्यंकटेश खेडगीकर यांचे चरित्र मला सर्वाधिक विचारप्रवर्तक वाटते. १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेला, अंमळनेर व पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण घेतलेला हा तरुण, निजामाच्या राज्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शाळेत १९२९ साली आला; आणि शिकविण्यासाठी आलेल्या त्या मनुष्याला त्या खेड्यानेच, तेथील दारिद्र्याने आणि मातृभाषेतील शिक्षणाच्या भुकेने, आमूलाग्र घडविले. तेथेच १९३२ मध्ये संन्यास घेऊन तो स्वामी रामानंद तीर्थ झाला, १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेला, आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी वर्ग सोडून कारागृहात दाखल झाला.