‘थांब’ म्हणायच्या दोन तऱ्हा: वेरूळचा कळस आणि नंबर 9

फोनवर काहीतरी लिहीत होतात, मध्येच दुसरं अ‍ॅप उघडलं, परत येऊन बघता तर सगळं गायब. झालंय ना असं? आज याच्या मुळाशी जाऊ. पण सुरुवात वेरूळपासून.

16 नंबरचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. ‘कथाकल्पतरू’त आख्यायिका आहे: राणी माणिकावतीनं पण केला, शिवाच्या देवळाचा कळस दिसेपर्यंत जेवणार नाही. पैठणच्या कोकसानं वरूनच कोरायला घेतलं आणि आठवड्यात कळस दाखवला. गोष्ट बाजूला ठेवा, पण लेणं खरंच वरून खाली कोरलंय. मला यातली युक्ती भावते. काम कुठंही थांबलं, तरी वरचं तेवढं पुरं. आणि काम थांबतंच! जवळचं 30 नंबरचं जैन लेणं, छोटा कैलास, अर्धवटच राहिलंय.

आता कॉम्प्युटरकडे. 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये युनिक्स सुरू झालं. चालू प्रोग्रॅमला थांबवायला त्यात ‘सिग्नल’ आले. नंबर 1 म्हणजे ‘हँग-अप’, कारण तेव्हा लोक टेलिफोन लाइनवरून काम करायचे. लाइन तुटली की हा सिग्नल. नंबर 9 म्हणजे ‘किल’. हा प्रोग्रॅमला अडवताही येत नाही, ऐकून न ऐकल्यासारखं करताही येत नाही. गंमत बघा, 1975 च्या सहाव्या आवृत्तीत 9 होता, पण सभ्य 15 नव्हता! ‘आवरून घे आणि निघ’ सांगणारा ‘टर्म’ 1979 च्या सातव्या आवृत्तीत आला. मारायचं आधी सुचलं, विनंती नंतर.

विंडोजची रीत वेगळी. तिथं खिडकीला ‘बंद हो’ असा निरोप जातो, म्हणून तर ‘सेव्ह करू का?’ विचारलं जातं. टास्क मॅनेजरमधून एखादी प्रोसेस जबरदस्तीनं संपवली, तर विचारणं-बिचारणं काही नाही.

आणि तुमचा अँड्रॉइड? त्याच्या पोटात लिनक्स आहे. मेमरी कमी पडली, की मागं पडलेल्या अ‍ॅपवर थेट 9 चालतो, निरोप न देता. अ‍ॅप पडद्याआड जातं तेव्हा मात्र त्याला कळवलं जातं. जे जपायचं ते तिथंच जपायला हवं. नंतर संधी मिळेलच असं नाही.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात, त्यांना माझं एवढंच सांगणं: शेवटच्या निरोपाची वाट बघू नका, कळस आधी कोरा. भेटू पुढच्या भागात!