माशाचे औषध आणि बालाघाटची खनिजे

पौष महिन्यात बालाघाट गारठलेले असते. वैनगंगेवरचे धुके सकाळी लवकर हटत नाही, आणि रात्री दोन-तीन तास वीज गेली तर बैठकीच्या खोलीतील काचेच्या पेटीतले पाणी पाहता पाहता निवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातील मुलांना निराळेच दृश्य दिसते. कालपर्यंत झळाळणारा मासा पर मिटून कोपऱ्यात उभा आहे, मधूनच वाळूवर अंग घासतो आहे, आणि कोणी रवा भुरभुरावा तसे पांढरे कण त्याच्या अंगावर उमटले आहेत. आणखी दोन दिवसांनी तेच कण इतर माशांवरही दिसू लागतात. मग औषधांची शोधाशोध सुरू होते. कोणी निळे औषध सुचवितो, कोणी लाल, कोणी मोरचूद, तर कोणी स्वयंपाकघरातील मीठ.

हे चारही उपाय खरे आहेत, आणि या चारही उपायांनी मासे दगावलेलेही आहेत. त्यांचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. ही औषधे माशांच्या वाट्याला आली ती दुसऱ्यांकडून उसनी: माणसाच्या तापातून, गावाच्या विहिरीतून, द्राक्षाच्या मळ्यातून आणि कापडाच्या रंगशाळेतून. त्यांतील लाल औषध आणि मोरचूद ज्या दोन धातूंपासून होतात, ते दोन्ही धातू बालाघाट जिल्ह्याच्या भूमीत विपुल आहेत, हा योगायोग तर फारच थोड्यांच्या ध्यानात येतो.

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा आधुनिक छंद लंडनचा. तेथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून असे दाखविले की, वनस्पती प्राणवायू पुरवितात, गोगलगायी सडका पाला खातात, आणि मासे जगतात. पुढे फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या ग्रंथाने हा छंद घरोघरी नेला. वॉरिंग्टन यांच्या प्रयोगाचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, पेटीतले पाणी कधी बदलावेच लागत नाही, अशी समजूत अनेक पिढ्या टिकून राहिली. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साठतो, तो माशांचे कल्ले जाळतो, आणि दुबळ्या झालेल्या माशाला मग कोणताही रोग गाठतो. पेटीतील आजारांपैकी कितीतरी आजार या एका समजुतीचे देणे आहेत.

उष्ण प्रदेशातील मासे युरोपात गेले ते नंतर. पॅरिसच्या प्येर कार्बोनिए यांनी १८६९ साली आशियातील ‘पॅरेडाइज’ मासा पाळून त्याची पैदास केली. पण या बाबतीत भारताचा वाटा त्याहूनही जुना आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अंगावर निळे पट्टे असलेल्या एका चिमुकल्या माशाचे वर्णन आहे. जगभरच्या पेट्यांत आणि प्रयोगशाळांत आज नांदणारा झेब्रा मासा तो हाच. मराठी माणसाला ही काचेतील सृष्टी मोठ्या प्रमाणावर दाखविली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली त्याचे उद्घाटन झाले. मरीन ड्राइव्हवर ते पाहून परतलेल्या किती मुलांनी घरी येऊन काचेच्या बरणीत गप्पी मासे सोडले असतील, त्याची गणती नाही.

आता त्या पांढऱ्या कणांकडे वळू. फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली या रोगाच्या जंतूचे वर्णन करून त्याला ‘इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ‘पुष्कळ लेकुरे असलेली माशांची ऊ’. नाव लांबलचक असले तरी त्यातच रोगाचे मर्म आहे. हा जंतू एकपेशीय असून माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तेथे पोसला जाऊन सुमारे एक मिलिमीटरपर्यंत वाढतो. आपल्याला दिसतो तो पांढरा कण म्हणजे हा जंतू आणि त्याच्याभोवती वाढलेली माशाची कातडी. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी जातो, आपल्याभोवती कवच करतो, आणि त्या कवचात एकाचे शेकडो होतात. कधी ही संख्या हजारापर्यंत जाते. मग कवच फुटून ही पिले पाण्यात पोहू लागतात. सुमारे दोन दिवसांत त्यांना मासा सापडला नाही तर ती मरतात.

कातडीखालच्या जंतूला पाण्यातील औषध पोहोचत नाही. कवचातल्यालाही बहुधा नाही. मरतात ती फक्त पोहणारी पिले. त्यामुळे पहिल्या दिवशी औषध घातल्यावर माशाच्या अंगावरील कण कमी झाले नाहीत, म्हणून औषध फुकट गेले असे म्हणणे चूक. आणि चौथ्या दिवशी कण नाहीसे झाले, म्हणून मासा बरा झाला असे मानणे त्याहून मोठी चूक. कण गेले ते तळाशी गेले, कुटुंबविस्तार करण्यासाठी! याच ठिकाणी बहुतेक घरांत औषध थांबविले जाते, आणि आठवड्याच्या आत सगळी पेटी पांढऱ्या कणांनी भरते. पंचवीस अंशांच्या पाण्यात हा सारा फेरा आठवडाभरात पुरा होतो. दहा अंशांच्या थंड पाण्यात त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. म्हणून पाणी हळूहळू तापवून तीस अंशांपर्यंत नेण्याची रीत पडली. उष्णतेने फेरा झपाट्याने पुरा होतो आणि पिले लवकर औषधाच्या तोंडी येतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू मात्र कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना ७.६. कल्ल्यांत जंतू शिरलेल्या माशाला तेवढी घटही जाणवते. तेव्हा हवेचा पंप चालू ठेवलाच पाहिजे.

ज्या १८७६ साली फूके यांनी हा जंतू वर्णिला, त्याच साली हाइनरिख कारो यांनी जर्मनीत मिथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला. तो होता कापडासाठी. पाउल एर्लिख यांना असे आढळले की, हा रंग काही जंतूंना विशेष चिकटतो. त्यांनी १८९१ मध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांवर तो वापरून पाहिला. सर्वस्वी प्रयोगशाळेत जन्मलेल्या औषधाने रोग हटविण्याचे हे आरंभीचे उदाहरण. हिवतापाचा जंतू एकपेशीय, माशाचा जंतूही एकपेशीय. मग मत्स्यपालकांनी हिवतापाची औषधे माशांवर आजमावली यात नवल नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पांढऱ्या कणांवर क्वीनाईन देण्याचाही प्रघात होता. बैहरच्या जंगलपट्टीत हिवतापाने काय कहर केला, हे बालाघाटकरांना सांगावयास नको. ज्या कडू पुडीवर तेथील माणसे जगली, तीच पुडी युरोपात शोभेच्या माशांसाठी पाण्यात विरघळविली जात होती.

लाल औषधाची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, कथा याहून जवळची. मँगनीजचा पाषाण क्षाराबरोबर भाजला असता हिरवे आणि मग जांभळे पाणी मिळते, हे ग्लाउबर यांनी १६५९ सालीच नोंदविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या काँडी यांनी हे द्रावण जंतुनाशक म्हणून बाजारात आणले. हिंदुस्थानात त्याला गावोगाव नेले ते आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ हॅन्किन यांनी. पटकीची साथ आली की विहिरीत परमँगनेट टाकावे, असा त्यांचा आग्रह. विहिरीचे पाणी जांभळट दिसले की साथ जवळ आली, हे मग खेड्यातील पोरालाही कळू लागले. विहिरीतून हे औषध तळ्यात आले, आणि तळ्यातून काचेच्या पेटीत.

याच सुमारास मध्यप्रांतात मँगनीजचा शोध जोरात सुरू झाला होता. १८९६ साली प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. त्याचीच पुढे ब्रिटिश कंपनी झाली आणि १९६२ साली तिच्या जागी ‘मॉइल’ उभी राहिली. बालाघाटनजीकची भरवेलीची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली मँगनीजवरील आपल्या बृहद्ग्रंथात येथील एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. १९५६ साली नागपूर मुंबई राज्याकडे गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिले. पण ‘मॉइल’चे मुख्य कार्यालय नागपुरास आहे, आणि हा धातू आजही दोन्ही बाजूंना सांधून आहे. भरवेलीचा पाषाण मुख्यतः पोलादाच्या कामी येतो, हे खरे. परमँगनेटला लागणाऱ्या डायॉक्साइड जातीचा पाषाण शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, डोंगरी बुजुर्गला निघतो.

या औषधाची मात्रा लिटरला दोन मिलिग्रॅम. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच पेटीत, वाळू-दगड वजा जाता, सुमारे पंचेचाळीस लिटर पाणी राहते. म्हणजे औषध हवे नव्वद मिलिग्रॅम. चिमूटभर म्हटले तरी ते याच्या तिप्पट-चौपट सहज भरते, आणि तेवढ्याने कल्ले भाजून निघतात. म्हणून आधी मोजून द्रावण करावे आणि मगच ते पाण्यात घालावे. पाण्याचा गुलाबी रंग जाऊन तपकिरी झाला की औषध संपले असे समजावे. पेटी गलिच्छ असेल तर ते घाणीवरच खर्च होते.

मोरचुदाचे प्रकरण याहून नाजूक आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचे लवण. द्राक्षाच्या मळ्यात ते चुन्याबरोबर फवारतात हे नाशिककरांना ठाऊकच आहे. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडची तांब्याची खाण ‘हिंदुस्थान कॉपर’ने १९८२ पासून चालविली आहे. तांबे माशाला औषध की विष, हे पाण्यातील चुनखडीसारख्या क्षारांवर ठरते. क्षारता लिटरला पन्नास मिलिग्रॅमहून कमी असेल, तर मोरचुदाला हातच लावू नये असा दंडक आहे. विहिरीच्या जड पाण्यात ज्या मात्रेने मासा तरला, तीच मात्रा साठविलेल्या पावसाच्या पाण्यात त्याचा प्राण घेते. शेजाऱ्याचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही; त्याची विहीर निराळी असते. दुकानांतून ‘मॅलॅकाइट ग्रीन’ हे हिरवे औषध मिळते, त्यात तांबे असेल असे नावावरून वाटते. मॅलॅकाइट हे तांब्याचे हिरवे खनिज खरे, पण त्या औषधाचे त्याच्याशी नाते फक्त रंगाचे. ते प्रभावी आहे. परंतु माणसालाही अपायकारक असल्याने ज्या माशांना ताटात जायचे आहे त्यांना ते देण्यास मनाई आहे.

ही शेवटची गोष्ट वैनगंगेच्या काठच्या ढिवरांच्या दृष्टीने महत्त्वाची. त्यांचा मासा शोभेचा नव्हे, पोटाचा. १९८८ मध्ये ईशान्येकडून माशांच्या अंगावर व्रण पाडणारा रोग देशात शिरला आणि तळीच्या तळी ओस पडली. तळ्याला मिलिग्रॅमचा हिशेब कोठून लावणार? तेथे कामी आला चुना, आणि पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने तयार केलेले ‘सिफॅक्स’ हे औषध.

पौषातल्या त्या घरात मात्र काम थोडक्यात आटपते. आजारी मासा निराळ्या टबात घ्यावा, कारण निळे औषध पेटीतील उपयोगी जंतू आणि वनस्पती यांनाही सोडत नाही. मूळ पेटीतही रोगाची पिले असतातच. तेव्हा उरलेल्या माशांसाठी तेथे ऊब आणि लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ पुरवावे. रोज थोडे पाणी बदलावे. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरिन घालविण्यासाठी छायाचित्रकाराकडील हायपोचे दोन खडे पुरतात. शेवटचा पांढरा कण दिसेनासा झाला की भिंतीवरील कालनिर्णयावर त्या तारखेला खूण करावी, आणि तेथून पुढे आणखी आठ दिवस औषध चालू ठेवावे.